उस्मानी राज्याच्या उगमाविषयी वाचताना

उस्मानी (ऑटोमन) राज्याच्या उगमाचा अभ्यास नव्याने सुरू करत असाल, तर राज्याचा संस्थापक उस्मान याला वंशाच्या भावी साम्राज्याची चाहूल देणाऱ्या स्वप्नाच्या कथेपासून आरंभ करू नका. ती सांगणारी तुर्की इतिवृत्ते पंधराव्या शतकातील, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहेत. समकालीन साक्ष मुख्यतः बायझंटाइन इतिहासकार पाखिमेरेसची, आणि उस्मानने बायझंटाइनांना हरवलेल्या १३०२ च्या बाफेउसच्या लढाईचे वर्णन त्याने हरलेल्या पक्षाकडून केले आहे.

मग इतिहासकार पॉल विटेक वाचा. धर्मयुद्धाची (गाझा) गाझी म्हणजे धर्मयोद्ध्यांची प्रेरणा हाच राज्याचा पाया, असे त्यांनी १९३० च्या दशकात मांडले. भिस्त मात्र बुर्सा येथील १३३७ च्या शिलालेखावर आणि कवी अहमदीच्या उस्मानी राजांवरील काव्यावर ठेवली. इतिहासकार हीथ लोरी यांनी २००३ मध्ये नेमके हेच दोन पुरावे फिरून तपासले आणि गाझा म्हणजे बव्हंशी लुटीच्या मोहिमा, असा निष्कर्ष काढला. परंपरेनुसार कोसे मिहाल हा ख्रिस्ती असतानाच उस्मानचा साथीदार होता, त्यामुळे विटेक यांची मांडणी तोकडी पडते, हे खरेच. तरीही मला इतिहासकार जेमाल काफादार अधिक पटतात: सरहद्दीवर धर्मनिष्ठा, लूट आणि परधर्मीयांशी सलोखा एकत्र नांदू शकत होते. तुर्की वारशावर भर देणारे तुर्की इतिहासकार फुआत कोप्रुलू वाचताना मात्र त्यांचा काळ नवजात तुर्की प्रजासत्ताकाचा होता, हे नजरेआड करू नका.