खरेदीखतात ‘नाशिक व्हॅली’ मिळत नाही

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आला आहे. २०२१ साली त्यांनी गावाजवळची बंद पडलेली छोटी वायनरी विकत घेतली. जमीन, शेड, टाक्या, क्रशर असं सगळं नोंदणीकृत खरेदीखताने घेतलं. त्या खतात ‘नाशिक व्हॅली वाईन या जीआय नावाच्या वापराच्या हक्कासह’ असं एक कलम आहे (जीआय म्हणजे भौगोलिक निर्देशांक, ठरावीक प्रदेशातल्या मालाचं नोंदणीकृत नाव) आणि त्यापोटी वेगळे सहा लाख रुपये दिल्याचा उल्लेखही आहे. तेव्हापासून ते बाटलीवर हे नाव आणि जीआयचं बोधचिन्ह छापतात. आता दुसऱ्या जिल्ह्यातला एक बॉटलर बाहेरच्या द्राक्षांची वाईन ‘नाशिक व्हॅली’ म्हणून विकतो आहे आणि हे नाव असलेल्या लेबलचा ट्रेडमार्कही त्याने मागितला आहे. त्याला नोटीस पाठवायची आहे. दावा कुठे लावावा आणि मनाईहुकूम किती दिवसांत मिळेल, असं ते विचारतात.

नोटीस आत्ता पाठवू नका. समोरचा माणूस चुकतो आहे हे मला दिसतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच्या बाटलीवर पुढे सोनेरी अक्षरांत ‘नाशिक व्हॅली’ आहे आणि मागच्या लेबलावर, बारकोडच्या खाली, तिसऱ्याच जिल्ह्यातल्या एमआयडीसीचा पत्ता आहे. पण तुमच्या नोटिशीला त्याचा वकील एकच प्रश्न विचारेल: तुम्ही कोण? आजच्या घडीला या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही.

भौगोलिक निर्देशांकांचा कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून. त्यातलं कलम २४ तुमच्या प्रकरणाचा निकाल लावतं. नोंदणीकृत भौगोलिक निर्देशांकावरचा कुठलाही हक्क विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही, परवान्याने वापरायला देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी’ या शब्दांनी कलम सुरू होतं, म्हणजे पळवाट नाही. अपवाद एकच. अधिकृत वापरकर्ता, म्हणजे ते नाव वापरणारा म्हणून नोंद झालेला उत्पादक, मरण पावला तर त्याचा हक्क वारसाकडे जातो. तुम्हाला वायनरी विकणारे गृहस्थ हयात आहेत आणि तुम्ही त्यांचे वारस नाही, खरेदीदार आहात. त्यामुळे सहा लाख देऊन घेतलेलं ते कलम कायद्याच्या नजरेत कोरं आहे.

समजा ती वायनरी कंपनीच्या नावावर असती, ती कंपनी अधिकृत वापरकर्ता असती आणि तुम्ही कंपनीचे शेअर घेतले असते, तर गोष्ट वेगळी होती. मालक बदलले तरी कंपनी तीच राहते आणि नोंदही तिचीच राहते. पण तुमचे विक्रेते प्रोप्रायटर होते आणि तुम्ही मालमत्ता घेतली. असा सौदा करताना हा फरक सांगणारा माणूस सोबत असायला हवा होता. खत करणाऱ्याने जुन्या मसुद्यात ‘जीआय’ हा शब्द घुसवला आणि तुम्ही न विचारता सही केली. टाक्यांचा पत्रा किती मिलिमीटर जाड आहे हे तुम्ही मोजून घेतलंत, असं तुमच्याच पत्रात आहे. हे एक कलम मात्र कुणी वाचलं नाही.

आता दुसरी बाब. विक्रेत्याने तुम्हाला दिलेला ‘जीआयचा दाखला’ म्हणून जी झेरॉक्स तुम्ही जोडली आहे, ती त्याच्या नावाची नाहीच. तो उत्पादकांच्या संघटनेच्या नावाचा नोंदणी दाखला आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ची नोंद २०१०-११ मध्ये चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात झाली आणि नोंदणीकृत मालक ही संघटना आहे. नोंदवहीचे दोन भाग असतात. भाग ‘अ’ मध्ये नाव आणि त्याचा मालक, भाग ‘ब’ मध्ये ते नाव वापरायला अधिकृत असलेले एकेक उत्पादक. संघटनेचं नाव ‘अ’ मध्ये असलं म्हणून प्रत्येक सभासद आपोआप ‘ब’ मध्ये जात नाही. प्रत्येकाने कलम १७ खाली स्वतंत्र अर्ज करायचा असतो. विक्रेत्याने तो कधी केला होता का, हे त्या झेरॉक्सवरून कळत नाही. केला असला तरी कलम २४ मुळे तुम्हाला त्याचा उपयोग नाही. केला नसला तर त्याने जे मुळात नव्हतं ते तुम्हाला विकलं.

हीच चूक मला दर दोन-तीन महिन्यांनी दिसते. कधी सांगलीच्या हळदीची पत्रं येतात, कधी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची, कधी लासलगावच्या कांद्याची. ‘आमच्या भागाला जीआय मिळालाय’ या वाक्यावर सगळे थांबतात. भागाला मिळालं म्हणजे मला मिळालं, असं गृहीत धरलं जातं. तुमच्या पत्रात आणखी एक गल्लत आहे. ‘नाशिक द्राक्षां’चा जीआय वेगळा आहे आणि वाईनचा वेगळा. बाग नाशिकची आहे एवढ्याने टाकीतल्या वाईनला नाव लागत नाही.

तुमचा पुतण्या कॅलिफोर्नियात असतो आणि तिथे ज्याची द्राक्षं नापाची तो नापा लिहितो, परवानगी कुणाकडे मागत नाही, असं तो सांगतो. तो त्याच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत वाईनचा प्रदेश केंद्र सरकार आखून देतं. नापा व्हॅलीला तो दर्जा १९८१ मध्ये मिळाला. लेबलवर प्रदेशाचं नाव लिहायचं तर किमान ८५ टक्के वाईन त्या हद्दीतल्या द्राक्षांची हवी आणि ती त्याच राज्यात पूर्ण तयार झालेली हवी. सभासद कोण हा प्रश्नच तिथे नाही. फ्रान्समध्ये याच्या उलट टोक आहे. तिथे १९३५ पासून एक सरकारी संस्था प्रदेशासोबत द्राक्षाच्या जाती, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा आणि वेलाची छाटणीसुद्धा ठरवून देते आणि ते पाळलं नाही तर नाव काढून घेते. आपल्याकडे तिसरीच रीत आहे. आपला कायदा मुख्यतः नावाचा आहे. द्राक्ष कसं पिकवायचं याचे नियम जेवढे अर्जासोबतच्या तपशिलात आणि नकाशात लिहिलेले असतात तेवढेच. पण नाव वापरणाऱ्याने भाग ‘ब’ मध्ये यायचं, ही अट ठाम आहे. पुतण्याचा सल्ला नापात चालेल, दिंडोरीत नाही. नापा व्हॅली हे नावसुद्धा चेन्नईच्या त्याच नोंदवहीत आहे, शॅम्पेन आणि पोर्तोसारखं.

कलम २१ म्हणतं की उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाला आणि अधिकृत वापरकर्त्याला. कोल्हापुरी चपलांच्या वादात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. इटलीच्या कंपनीविरुद्ध काही वकिलांनी जनहित याचिका केली आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली, कारण जीआयचे नोंदणीकृत मालक असलेली महामंडळं स्वतः न्यायालयात यायला मोकळी होती. लोकांच्या भावना खऱ्या होत्या, पण उभं राहण्याचा हक्क दुसऱ्याचा होता. तुमची गत आज तीच आहे.

तुम्ही स्वतः हे नाव वापरता म्हणून तुमच्यावर कुणी दावा लावला तर काय? तिथे मी इतकी ठाम बोलणार नाही. कलम २२ चं मुख्य सूत्र दिशाभूल हे आहे. माल जिथला नाही तिथला आहे असं भासवणं हा उल्लंघनाचा गाभा. तुमची द्राक्षं दिंडोरीची, क्रशिंग दिंडोरीत, बॉटलिंगही तिथेच. तेव्हा तुम्ही कुणाला फसवलंत हे दाखवणं अवघड जावं. पण ‘अवघड जावं’ म्हणजे ‘जमणार नाही’ नव्हे. बोधचिन्हाचं तर अजिबात समर्थन करू शकणार नाही. ते चिन्ह नोंद असणाऱ्यांसाठी आहे. आणि एक्साइजने लेबल मंजूर केलं हा आधार धरू नका. त्या मंजुरीचा जीआयच्या हक्काशी काही संबंध नाही.

आता उशिराचा विषय, आणि इथे मला खरंच राग येतो. तुम्ही लिहिता की समोरच्याची बाटली तुम्ही पहिल्यांदा २०२२ च्या दिवाळीत पाहिली, फोटो काढला आणि बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये संघटनेचे पदाधिकारी होते. कुणी अंगठा दाखवला, कुणी ‘बघू’ म्हणालं. कलम २६(४) नुसार ट्रेडमार्कमध्ये जीआयचं उल्लंघन होतं आहे हे मालकाला किंवा अधिकृत वापरकर्त्याला कळल्यापासून पाच वर्षं उलटली की त्या मार्काविरुद्ध कारवाईची दारं बंद होऊ शकतात. तुमचा तो मेसेज उद्या समोरचा वकील पुरावा म्हणून आणेल: संघटनेला २०२२ मध्ये माहीत होतं. तसं मोजलं तर पाच वर्षं २०२७ च्या दिवाळीत भरतात. दार्जिलिंग चहाच्या टी बोर्डाने कोलकात्याच्या एका हॉटेलातल्या ‘दार्जिलिंग’ नावाच्या लाउंजविरुद्ध दावा केला होता. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला, आणि कारणांमध्ये हा पाच वर्षांचा मुद्दाही होता. स्कॉच व्हिस्कीवाल्यांचं तर त्याहून जुनं उदाहरण आहे. ‘पीटर स्कॉट’ या भारतीय व्हिस्कीचं नाव त्यांना १९७४ पासून माहीत होतं, अर्ज केला १९८६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, कारण ते इतकी वर्षं गप्प बसले होते. स्कॉटलंडच्या बलाढ्य उद्योगाला गप्प बसणं परवडलं नाही. तुम्हाला कसं परवडेल?

१९८६ ते २००८, म्हणजे बावीस वर्षं. तेव्हा मनाईहुकूम ‘किती दिवसांत’ याचं उत्तर मी देणार नाही आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एवढंच सांगते की असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात चालत नाही आणि तातडीची मनाई मागितली नाही तर आधी मध्यस्थीच्या पायरीवरून जावं लागेल. २०२२ पासून गप्प असलेल्या माणसाला न्यायाधीशांसमोर ‘तातडी’ हा शब्द उच्चारणं जड जातं. स्वतःचा माल दुसऱ्याचा भासवून विकल्याचा, म्हणजे पासिंग ऑफचा, सर्वसाधारण दावा कायद्याने शाबूत ठेवला आहे, पण त्यासाठी तुमच्या बाटलीची बाजारात स्वतंत्र ओळख सिद्ध करावी लागेल. तुमच्या विक्रीचे आकडे पाहिल्याशिवाय त्यावर मत देणार नाही.

मग आज काय करायचं? पहिलं काम कलम १७ चा अर्ज, जीआय-३ नमुन्यात, तुमच्या स्वतःच्या वायनरीच्या नावाने. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर मालकासोबत संयुक्त अर्ज करावा लागत नाही. अर्जाची प्रत संघटनेला पाठवायची आणि ती पोचल्याचं कार्यालयाला कळवायचं. शुल्क नाममात्र आहे. तुम्ही सहा लाखांना जे विकत घेतलंत, ते मिळवण्याची ही खरी वाट होती. अर्ज मान्य झाला की जर्नलमध्ये जाहिरात येते आणि हरकतीसाठी तीन महिने असतात. सोबत सात-बारा, द्राक्षांच्या काटा पावत्या, क्रशिंगचं रजिस्टर आणि बॅचची नोंद लावा. अर्जाआधी संघटनेच्या मूळ नोंदीचं नूतनीकरण झालेलं आहे ना, हे नोंदवहीत पाहून घ्या. जीआयची नोंद दहा वर्षांची असते आणि मूळ नोंद संपली तर तुमचीही संपते.

दुसरं काम समोरच्याच्या ट्रेडमार्क अर्जाचं, आणि इथे तुमची नोंद नसल्याने अडत नाही. कलम २५ म्हणतं की भलत्याच ठिकाणच्या मालासाठी जीआयचं नाव असलेला आणि त्यामुळे लोकांचा गैरसमज करणारा ट्रेडमार्क निबंधकाने नाकारायचा, स्वतःहून किंवा ‘हितसंबंधित’ व्यक्तीने मागितल्यावर. दिंडोरीत स्वतःच्या द्राक्षांची वाईन करणारा माणूस हितसंबंधित नसेल तर कोण असेल? तो अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून विरोधासाठी चार महिने मिळतात. प्रसिद्धीची तारीख तुमच्या पत्रात नाही. ती आजच ऑनलाइन पाहा, कारण ही मुदत वाढत नाही. आणि संघटनेला लेखी पत्र द्या, ग्रुपवर मेसेज नको. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. दावा लावण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि त्यांनी तो बजावला नाही तर निदान तुम्ही सांगितलं होतं याची नोंद राहील.

सहा लाखांबद्दल. कायद्याने मनाई केलेला करार पोकळ ठरतो आणि त्यापोटी दिलेले पैसे परत मागण्याची सोय करार कायद्याच्या कलम ६५ मध्ये आहे. मुदत कधीपासून मोजायची यावर वाद होईल, तीन वर्षं तुमच्या डोक्यावर आहेतच. बाकीचं खत, म्हणजे जमीन आणि टाक्या, यामुळे कोसळेल असं मला वाटत नाही, पण ते सगळं खत वाचूनच सांगता येईल. त्याची पूर्ण प्रत आणि २०२२ चा तो मेसेज, तारखेसह, पाठवा.

आणि फेब्रुवारीच्या बॉटलिंगसाठी तुम्ही नव्या लेबलांची ऑर्डर दिली आहे म्हणता. प्रिंटरला आज फोन करा आणि बोधचिन्हाचा ब्लॉक काढायला सांगा. जुन्या लेबलांचे जे बंडल शेडमध्ये पडलेत, ते बाटलीवर लावू नका.