वाचकांचे प्रश्न : चेंडू तोलणारे यंत्र आणि अनुदानाचा अर्ज

प्रश्न : आम्ही नियंत्रण अभियांत्रिकी शिकवतो. आठवी-नववीच्या ४० मुलांना तुळईवर चेंडू तोलणारे यंत्र दाखवून, हाताळू द्यायचे आहे. 'उद्दिष्ट अस्पष्ट' असा शेरा मारून अनुदानाचा अर्ज परत आला. काय बदलावे?

उत्तर : 'विज्ञानाची गोडी लावणे' असे काही लिहिले असेल, तर शेरा रास्तच आहे. गोडी मोजणार कशी? त्यापेक्षा एकच प्रश्न धरा : चेंडू वेगाने मधल्या खुणेकडे येतोय, तर तुळई उलट कधी झुकवायची, खुणेवर पोहोचल्यावर की त्याआधी? पोहोचल्यावर झुकवली तर चेंडू पुढे निसटतो आणि इकडून तिकडे हेलकावत राहतो. मुलांना आधी तुळई हातानेच तोलू द्या, मग यंत्रावर डेरिव्हेटिव्हचा (चेंडूचा वेग पाहून तुळई आधीच उलट झुकवणाऱ्या पदाचा) गुणांक शून्य करून दाखवा. हाच प्रश्न सुरुवातीला आणि शेवटी चिठ्ठीवर विचारा. किती उत्तरे बदलली, हे अहवालात जाईल. 'कार्यक्रम आवडला का?' या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. तो कागद वाया.

खर्चात चार मुलांमागे एक संच धरा, म्हणजे १०, आणि वर २ राखीव. लहान सर्व्होचे (तुळई झुकवणाऱ्या मोटरचे) प्लॅस्टिकचे दाते मुलांनी तुळई जोराने दाबली की झिजतात, म्हणून प्रत्येक संचामागे एक जादा सर्व्हो हवाच. सर्व्होला वीज प्रोग्राम चालवणाऱ्या कंट्रोलर बोर्डावरून देऊ नका. सर्व्हो अडकला की जास्त प्रवाह ओढतो, व्होल्टेज खाली येते, बोर्ड रीसेट होतो आणि सगळे उगाच प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा पुरवठा, सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि बोर्ड व पुरवठा या दोन्हींचे ग्राउंड जोडलेले.

चेंडूचे अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर काटकसर नको. अल्ट्रासाउंडचा प्रतिध्वनी गोल चेंडूवरून भलतीकडे जातो, अंतराचे आकडे उड्या मारतात आणि डेरिव्हेटिव्ह त्या उड्या आणखी वाढवतो. सर्व्हो थरथरू लागतो. प्रकाश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा, लेझरवर चालणारा 'टाइम ऑफ फ्लाइट' सेन्सर बरा, फक्त उन्हाच्या खिडकीपासून दूर. इंटिग्रल पद (खुणेपासूनचे अंतर, म्हणजे चूक, साठवत जाणारे) ठेवलेच, तर त्याला मर्यादा घाला. मुले चेंडू टोकाला धरून ठेवणारच, तोवर साचलेली चूक सोडल्यावर तुळई भलतीकडे कलंडवते.

पगार आणि संस्थेचा वरकड खर्च अनेक निधींना चालत नाही. तो कुठून भागवणार, हे वेगळ्या ओळीत लिहा. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या कंट्रोल सिस्टिम्स सोसायटीसारख्या संस्थांकडे अर्ज करताना सदस्यत्वाची अट सर्वांत आधी पाहावी.

प्रश्न : शाळेचे पत्र जोडणे गरजेचे आहे का?

उत्तर : मागितले नसले तरी जोडा. नुसते 'सहकार्य करू' नको. तारीख, मुलांची संख्या, खोली आणि प्लगपॉइंट किती, हे त्यात असावे.