आमचा आठ महिन्यांचा कुत्रा चपला पळवतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. मार न देता त्याला वळण लावता येईल का?

येईल. आठ महिने म्हणजे फार उशीर झाला, असंही नाही.

तुम्ही लिहिलंय की बाल्कनीत बांधला की तो तासभर रडतो, सोडला की सासऱ्यांची चप्पल घेऊन सोफ्याखाली जातो, बेल वाजली की येणाऱ्याच्या छातीवर पाय ठेवतो. आणि खालच्या मजल्यावरचे काका रोज सांगतात, "पेपरची गुंडाळी करून दोन ठेवून द्या, आपोआप सरळ होईल." हाच सल्ला मी पाच वर्षांपूर्वी ऐकला होता आणि पाळलाही होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा भुऱ्या रिक्षा स्टँडवर सापडलेला, गावठी. सात-आठ महिन्यांचा झाल्यावर त्याचे उद्योग अगदी तुम्ही लिहिलेत तसेच होते. आम्ही एक ट्रेनर लावला. त्याने गळ्यात आवळणारी साखळी आणायला लावली. चुकला की झटका, ओढलं की झटका. तीन आठवड्यांत भुऱ्या "बस" म्हटल्यावर बसायला लागला, आणि आम्ही खूश. मग एका संध्याकाळी फिरायला न्यायचं म्हणून मी दारामागच्या खुंटीवरून ती साखळी काढली. नुसती खळखळ झाली आणि भुऱ्या कपाटाच्या आड जाऊन उभ्या उभ्या लघवी करत थरथरायला लागला. ट्रेनरला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "चांगलंय, आता तुम्हाला बॉस मानायला लागला." त्या रात्री साखळी कचऱ्यात टाकली. अजून आठवलं की वाईट वाटतं, कारण त्या जिवाने आमचं काहीच बिघडवलं नव्हतं.

हे "बॉस" प्रकरण आलं कुठून, तेही सांगते, कारण तुम्हालाही कोणीतरी ते ऐकवेलच. १९४७ साली प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रूडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात, साहजिकच मारामाऱ्या. त्यावरून कळपाचा एक दांडगा म्होरक्या असतो ही कल्पना रुजली. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती आणखी पसरली. पण याच मेक यांनी पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, वडील आणि त्यांची पिल्लं. एक कुटुंब. तेव्हा तुमचा कुत्रा सोफ्यावर चढतो तो घराची सत्ता काबीज करायला नाही. सोफा मऊ असतो, म्हणून चढतो.

२०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. वेगवेगळ्या ट्रेनिंग स्कूलमधले ९२ पाळीव कुत्रे त्यांनी पाहिले. झटके, ओरडा, साखळी वापरणाऱ्या शाळांमधले कुत्रे शिकवणीच्या वेळी जास्त ओठ चाटत होते, जास्त जांभया देत होते, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं सापडलं. हे ओठ चाटणं आणि जांभया लक्षात ठेवा. आपण ओरडतो तेव्हा कुत्रा जांभई देतो आणि आपल्याला वाटतं, बघा, कसा निर्लज्ज आहे. तो घाबरलेला असतो.

आता चपलेकडे येते. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत येतात, म्हणजे दात शिवशिवतात हे कारण तुमच्याकडे आता बहुतेक संपलं. मग चप्पलच का? आमच्या घरी काय चालायचं ते सांगते. दिवसभर भुऱ्या पंख्याखाली पडलेला, कोणाचं लक्ष नाही. त्याने चप्पल उचलली रे उचलली की मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई, चौघंही मागे. "सोड! सोड म्हणते ना! आण इकडे!" पलंगाखालून, टेबलाभोवती पळापळ. आम्ही चिडलेलो, आणि त्याच्या दृष्टीने दिवसातला सगळ्यात मोठा खेळ रंगलेला. ज्या कामाचं काहीतरी मिळतं ते काम जनावर पुन्हा करतं. चप्पल उचलल्यावर त्याला अख्खं घर मिळत होतं.

म्हणून खेळ आपणच सुरू करायचा आणि नियम आपले ठेवायचे.

जुनी सुती साडी घ्या, तीन पट्टे फाडा आणि घट्ट वेणी घाला. हातभर लांब, दोन्ही टोकांना गाठ. अशा दोन करा, सारख्याच. एक जमिनीवर सापासारखी सरपटत न्या, तो टोक पकडेल. मग रस्सीखेच. खाली, आडवी ओढायची, वर उचलायची नाही, मानेला हिसका बसतो. आठ-दहा सेकंद मजेत खेळा आणि एकदम थांबा. हात मांडीला टेकवून ठेवा, ओढू नका, बोलू नका, त्याच्याकडे बघूही नका. वेणी अचानक मेल्यासारखी होते. तो ओढून बघेल, गुरगुरेल, वाट पाहील. पहिल्या वेळी भुऱ्याला जवळजवळ एक मिनिट लागलं. मग त्याने जबडा सैल केला. ज्या क्षणी तोंडातून वेणी सुटली त्या क्षणी मी "घे!" म्हणून तीच वेणी पुन्हा नाचवली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की ते डोळे मी विसरणार नाही. सोडल्यावर खेळ संपत नाही, उलट पुन्हा सुरू होतो, हे त्याला पहिल्यांदा उमगलं होतं.

चार-पाच दिवसांत थांबल्याबरोबर सोडायला लागला की मग शब्द जोडा. आधी "सोड" म्हणायचं, मग थांबायचं. शब्द सगळ्यात शेवटी येतो. आपण उलटं करतो, न शिकवलेला शब्द शंभर वेळा ओरडतो आणि कुत्र्याला तो पंख्याच्या घरघरीसारखा वाटायला लागतो. दुसरी वेणी यासाठी की तो एक घेऊन पळालाच, तर मागे धावायचं नाही, दुसरीशी आपणच मजेत खेळत बसायचं. येतोच. वेण्यांवर पक्कं झालं की लाकडी उलथनं, मग जुना मोजा, मग चप्पल. दात हाताला लागला तर खेळ तिथल्या तिथे बंद, वेणी कपाटावर, रागवायचं मात्र नाही. रस्सीखेचीने कुत्रा चावरा होतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. ऐन जोशात असताना थांबायला आणि जबड्याचा जोर आवरायला भुऱ्या याच खेळात शिकला.

साधारण महिन्याभराने भुऱ्याने सासूबाईंची चप्पल उचलली आणि पलंगाखाली न जाता माझ्यासमोर आणून ठेवली. त्या म्हणाल्या, "बघ, परत उचललीच." मी त्याला तोंडभरून शाबासकी दिली आणि वेणी दिली. तुमच्याकडे हा दिवस येईल तेव्हा उचलल्याबद्दल रागावलात तर पुढच्या वेळी चप्पल पुन्हा सोफ्याखालीच जाईल.

उड्यांचं मूळ साधं आहे. पिल्लं आईचं तोंड चाटतात, माणसाचं तोंड वर असतं, म्हणून उडी. आपण ढकलतो तो त्याला स्पर्श वाटतो, ओरडतो ते बोलणं वाटतं. दोन्ही त्याला हवंच असतं. घरातल्या प्रत्येकाने आळीपाळीने बाहेर जाऊन बेल वाजवावी आणि आत यावं. चारही पाय जमिनीवर असतील तर लगेच चपातीचे दोन बारीक तुकडे जमिनीवर टाकायचे, हातातून द्यायचे नाहीत, म्हणजे नाक आपोआप खाली राहतं. उडी मारली तर एक शब्द न बोलता पाठ फिरवून पुन्हा बाहेर. एका संध्याकाळी वीस वेळा बेल वाजली की बेलेतली अर्धी जादू संपते. यात सासऱ्यांना सामील करून घ्याच. दहांतून एकदा जरी कोणी "असू दे रे, माझा सोन्या" करून उडीला कुरवाळलं तरी सगळं मुसळ केरात. कधीतरीच मिळणारं बक्षीस रोजच्या बक्षिसापेक्षा सवय जास्त चिवट करतं, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवून दिलंय. पाहुणे खरेच आले असतील तर सराव चालू असेपर्यंत पट्टा लावून जवळ ठेवा.

बक्षीस मिळालं पाहिजे ते एका सेकंदाच्या आत. खिशात हात घालून तुकडा शोधेपर्यंत कुत्रा भलतंच काहीतरी करून मोकळा होतो. म्हणून एक ठरलेली खूण लागते. १९६० च्या दशकात हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर शिट्टी आणि मासा एवढ्यावरच काम करायच्या. डॉल्फिनला ना साखळी घालता येते ना फटका मारता येतो, नाराज झाला तर तो सरळ पोहत लांब जातो. तीच रीत पुढे त्यांनी कुत्र्यांच्या शिकवणीत लोकप्रिय केली, टकटक वाजणारी छोटी डबी घेऊन. मी डबी वगैरे घेतली नाही, जिभेने "टक" करते. आधी दोन दिवस नुसतं टक आणि तुकडा, टक आणि तुकडा. मग हवं ते घडलं की त्याच क्षणी टक, खाऊ सावकाश आला तरी चालतो.

आता बाल्कनी. हे जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. बांधून ठेवलेला कुत्रा काहीच शिकत नाही, त्याच्या अंगात साचतं तेवढंच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. तुम्ही मुद्दाम छळता असं मी अजिबात म्हणत नाही. तुमच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, तो देते.

जुनी गोधडी घ्या. रात्रीच्या जेवणातला कोरडा भाग तिच्या घड्यांत, चुण्यांत पेरा आणि जमिनीवर टाका. मग नुसतं बघत बसा. पाव तास फक्त सूं-सूं ऐकू येतं. नाक एका रेषेत जातं, थांबतं, मागे येतं, पंजाने घडी उलगडते. अर्धा तास पट्टा ओढत फिरून जो कुत्रा दमत नाही तो यानंतर कूस बदलून झोपतो. पावसाळ्यात नाशिकला चार-चार दिवस धड फिरणं होत नाही, तेव्हा आमचं घर या गोधडीने सांभाळलं आहे.

हाक मारल्यावर येणं शिकवायला लपाछपी खेळा. एकाने धरायचं, दुसऱ्याने दाराआड लपून एकदाच हाक मारायची, सापडल्यावर मोठा सोहळा करायचा. फक्त एक पथ्य पाळा. "इकडे ये" म्हणून बोलावून कधीही रागवायचं नाही, आंघोळ घालायची नाही, औषध द्यायचं नाही. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं.

बक्षीस म्हणून उकडलेलं अंडं, कोंबडीचे शिजवलेले बारीक तुकडे, गाजर, पनीर, काहीही चालतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. आमच्याकडे द्राक्षं आणि बेदाणे घरात कायम असतात, म्हणून आवर्जून सांगते, द्राक्ष, बेदाणा, चॉकलेट, कांदा, लसूण, बिनसाखरेचं च्युइंगम, यांतलं काहीही देऊ नका. द्राक्षाने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

खेळाने सगळंच सुटतं असं नाही. आतापर्यंत शांत असलेला कुत्रा अचानक हात लावू देईना, तर आधी व्हेटकडे न्या, कान किंवा सांधा दुखत असू शकतो. आणि गुरगुरला म्हणून कधी मारू नका. गुरगुरणं म्हणजे तो तुम्हाला आधी सांगतोय. ते सांगणं मारून बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता थेट दात येतील. ट्रेनर लावायचाच असेल तर पहिल्या दोन दिवसांनंतर तो दारात आल्यावर कुत्र्याची शेपूट कुठे आहे ते बघा. पोटाखाली गेली असेल तर त्याला तिथूनच परत पाठवा. मी तीन आठवडे थांबले, तुम्ही थांबू नका.

शेवटचं, कारण इथेच लोक सोडून देतात. बेलेचा सराव सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी उड्या कमी होण्याऐवजी वाढतील. आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झाली म्हणून तो ती आणखी जोर लावून करून बघतो. आमच्याकडे हे तीन दिवस चाललं, मग एका संध्याकाळी दार उघडलं तर भुऱ्या पायपुसण्यावर बसून जमिनीकडे बघत होता, तुकडे कुठे पडतात ते. त्या तीन दिवसांत पाठ फिरवत राहा. आणि चपला तोवर बंद कपाटात ठेवा, सासऱ्यांच्या आधी.