आई नको म्हणते, पण मला विमानातून उडी मारायची आहे

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे. या महिन्याचे उत्तरकर्ते : हवाई दलातून निवृत्त झालेले पॅराशूट प्रशिक्षक, नागपूर

प्रश्न : काका, मी सव्वीस वर्षांची आहे, मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. ऑफिसमधल्या आम्ही काही जणी हिवाळ्यात उज्जैनला स्कायडायव्हिंगला जायचं म्हणतोय. माणशी तीस हजारांच्या आसपास खर्च येईल असं कळलं. मला कधीपासून हे करायचं आहे. पण घरी विषय काढला आणि आई ताटावरून उठली. "हात-पाय मोडून घ्यायचे आहेत का?" एवढंच म्हणाली. खरंच किती धोका असतो? आणि वर गेल्यावर भीती वाटली तर?
– स., त्रिमूर्तीनगर

उत्तर : पोरी, तू जावंस असंच मला वाटतं. मात्र काही अटी आहेत. त्या शेवटपर्यंत वाच आणि हे पान आईलाही वाचायला दे.

तू जी उडी मारणार आहेस तिला टँडम म्हणतात. तुझ्या अंगावर पट्ट्यांचा हार्नेस असतो, तो खांद्यांपाशी दोन आणि कमरेपाशी दोन हुकांनी प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडतात. पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं, तुझ्याकडे काहीच नसतं. उज्जैनजवळच्या दतानाच्या धावपट्टीवरून छोटं विमान साधारण दहा हजार फुटांवर जातं. आत खुर्च्या नसतात, पाय पसरून खालीच बसायचं. वर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि माझ्या मते सगळ्यात अवघड वेळ हीच. बडबड करणारी माणसं गप्प होतात, तोंडाला कोरड पडते. तुझंही तसं झालं तर घाबरू नकोस, सगळ्यांचंच होतं. दार उघडलं की थंडी अंगावर येते. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, म्हणजे खाली पंचवीस असेल तर वर पाचच्या जवळ. पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाल.

पाळणा खाली येताना पोटात गोळा येतो, तसा इथेही येईल असं बहुतेकांना वाटतं. विमान आधीच ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पुढे धावत असतं, त्यामुळे बाहेर पडताच समोरचा वारा तुला झेलतो आणि पुढचा वेग हळूहळू खालच्या दिशेला वळतो. म्हणून तो गोळा येत नाही किंवा अगदी थोडा येतो. प्रशिक्षक लगेच ड्रोग नावाचं लहानसं पॅराशूट मागे सोडतो. दोघांच्या वजनामुळे वेग फार वाढू नये, ताशी दोनशेच्या आसपास राहावा, यासाठी ते असतं. तिथून अर्धं मिनिट मिळतं. त्या अर्ध्या मिनिटात आपण पडतोय असं वाटतच नाही, कारण जमीन इतकी दूर असते की जवळ येताना दिसत नाही. कानांत वाऱ्याचा प्रचंड आवाज असतो. श्वास अडकल्यासारखं वाटलं तर ओरड. मी नवख्यांना हेच सांगायचो, आईच्या नावाने ओरडा, श्वास आपोआप येतो.

पाच हजार फुटांच्या जवळपास मोठं पॅराशूट उघडतं, वर ओढल्यासारखा झटका बसतो आणि सगळा आवाज एकदम थांबतो. पुढच्या चार-पाच मिनिटांविषयी लोक फारसं बोलत नाहीत. मला तर तीच जास्त आवडायची. वर बोलता येतं, हसता येतं, पायांखालचं गाव ओळखता येतं. आग्र्याजवळ मालपुऱ्याला आमचं उड्यांचं मैदान होतं. थंडीत तिथे मोहरीची शेतं फुलायची आणि वरून ती पिवळी चौकटी-चौकटीची जमीन दिसायची. इतक्या वर्षांनंतरही ती डोळ्यांपुढे आली की मला पुन्हा वर जावंसं वाटतं. तुला हे मिळावं असं मनापासून वाटतं, म्हणूनच आता धोक्याचं सांगतो.

अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेने २०२३ साली सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० मृत्यू नोंदवले. १९७० च्या दशकात तिथे दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक लोक जात होते. नुसत्या टँडमचं पाहिलं तर ती संघटना साधारण पाच लाख उड्यांमागे एका विद्यार्थ्याचा मृत्यू सांगते. हे आकडे आईला जरूर दाखव. पण ते कडक तपासण्या असलेल्या ठिकाणचे आहेत, हेही तिला सांग. मैदानावरची शिस्त ढिली असेल तर त्या आकड्यांचा तुला काही उपयोग नाही.

धोका इतका कमी झाला तो सामानामुळे. प्रशिक्षकाच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात. मुख्य नीट उघडलं नाही तर तो ते हार्नेसपासून सोडवून टाकतो आणि राखीव उघडतो. त्याला भोवळ आली, हात चालले नाहीत, तर एक छोटं यंत्र हवेच्या दाबावरून उंची ओळखतं आणि दोन हजार फुटांच्या आसपास राखीव पॅराशूट स्वतःच उघडतं. १९९१ साली जर्मनीत या यंत्राचं भरवशाचं रूप आलं आणि त्याने कितीतरी जीव वाचवले. मुख्य पॅराशूटची घडी प्रत्येक उडीनंतर घालतात. राखीवची घडी मात्र परवाना असलेल्या माणसानेच घालायची असते आणि तारीख कार्डावर लिहायची असते. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी पुन्हा घालावी लागते.

म्हणून माझी पहिली अट अशी, की पैसे भरण्याआधी फोन करून विचार : राखीव पॅराशूटचं कार्ड दाखवाल का? ते आपोआप उघडणारं यंत्र बसवलं आहे का? माझ्याबरोबर उडी मारणाऱ्याकडे टँडमचं प्रमाणपत्र कुठलं आहे, त्याच्या उड्या किती झाल्यात? अमेरिकेतल्या नियमाने त्याला या खेळात किमान ३ वर्षं आणि किमान ५०० उड्या झालेल्या असाव्या लागतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आहे का, हेही विचार. चांगला माणूस या प्रश्नांनी खूश होतो, कार्ड काढून हातात देतो. जो "मॅडम, काही टेन्शन घेऊ नका" म्हणून विषय बदलतो, त्याच्याकडे जाऊ नकोस. मग मैत्रिणी चिडल्या तरी चालतील.

दुसरं, जबाबदारी नाकारण्याचा फॉर्म आधी मागवून घरी वाच. त्यात जिवाचा धोका आहे हे स्पष्ट लिहिलेलं असतं. तुझी अपघात विमा पॉलिसीही काढून बघ, बऱ्याच पॉलिसी साहसी खेळांना वगळतात. वजन खरं सांग. हार्नेस आणि पॅराशूट वजन धरून ठरवलेलं असतं, दोन-चार किलो चोरून फायदा कुणाचाच नाही.

वारा किंवा ढग आले तर दिवसभर थांबावं लागतं, उडी रद्दही होते. सोमवारी ऑफिस गाठायचं म्हणून प्रशिक्षकाच्या मागे लागू नका. रविवारी रात्रीचं परतीचं तिकीट काढू नकोस, एक दिवस जास्तीचा ठेव. आणि रात्रभर कार चालवत जाण्याचा बेत असेल तर तो रद्द करा. भोपाळमार्गे रेल्वेने जा, रात्री झोपा.

दुखापत झालीच तर ती बहुधा उतरताना होते. घोटा मुरगळतो, पाय मोडतो, माकडहाडाला मार बसतो. प्रशिक्षक "पाय वर" म्हणाला की गुडघे छातीशी घे आणि बसल्यासारखी उतर. याचा सराव जमिनीवर दहादा करून घे, लाज बाळगू नकोस. विमानाबाहेर पडताना केळीसारखं मागे वाकायचं असतं, डोकं मागे आणि पाय प्रशिक्षकाच्या पायांमध्ये. तोही सराव तिथेच कर.

भीतीचं विचारलंस. विमानातून बाहेर पडण्याआधी केव्हाही, अगदी दारातसुद्धा, तुला नाही म्हणता येतं. पैसे बहुधा परत मिळत नाहीत, ते गेले असं आधीच मनाशी धर, म्हणजे तीस हजारांसाठी उडी मारायची वेळ येणार नाही. मैत्रिणी कॅमेरा रोखून उभ्या असतील म्हणूनही मारू नकोस.

आणि आईला चोरून जाऊ नकोस. उपाशी उठलेल्या आईशी वाद घालण्यापेक्षा तिला बरोबर ने. तिने तो हार्नेस स्वतः ओढून पाहू दे, प्रशिक्षकाला चार प्रश्न विचारू दे. तिचं समाधान झालं नाही तरी निर्णय तुझाच आहे. पण तो तिला माहीत असलेला बरा.

प्रश्न : भाऊसाहेब, आमचं पोट्टं सतरा वर्षांचं आहे, बारावीत. शीतल महाजन यांचे व्हिडिओ पाहून त्याच्या डोक्यात एकट्याने उड्या मारायचं शिरलं. काही ऐकूनच नाही राहिलं. काय सांगू त्याला?
– एक वडील, इतवारी

उत्तर : रागावू नका. मुलाने फार मोठं माणूस निवडलं आहे. पुण्याच्या शीतलताईंनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावर. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून उतरल्या. पण उत्तर ध्रुवावरची ती उडी त्यांची आयुष्यातली पहिलीच होती, आणि त्या गोष्टीचं अनुकरण त्याने करू नये, हे त्याला माझ्या नावाने सांगा.

अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावंच लागेल, आणि एकट्याने शिकायचं तर बरीच तयारी लागते. सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात. अमेरिकन पद्धतीत पहिला परवानाच किमान २५ उड्यांनंतर मिळतो. भारतात अशी सोय तुरळक आहे, बाहेरदेशी खर्च मोठा. म्हणून त्याला आधी एनसीसीत घाला. अकरावी-बारावीपासून सीनिअर डिव्हिजन आहे, आणि निवडक छात्रांना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅरा बेसिक कोर्स करता येतो. तिथे पॅराशूटची दोरी विमानाला अडकवलेली असते, बाहेर पडताच ते आपोआप उघडतं. उंची साधारण १२५० फूट. हवेत तरंगण्याची मजा त्यात नाही, पण जमिनीवर पडायचं कसं, गुडघे-पाय जुळवून लोळायचं कसं, हे तिथे अंगात मुरवतात. मी तिथे शिकवलं आहे. तिथून आलेली मुलं घाई करत नाहीत.

हैदराबादला उभ्या वाऱ्याचा बोगदा आहे, वाऱ्यावर तरंगण्याचा सराव तिथे जमिनीपासून फार वर न जाता होतो. एकदा दाखवून आणा.

आणखी एक. अनुभवी लोकांचा जीव जातो तेव्हा पॅराशूट उघडलेलं नसतं, असं लोकांना वाटतं. त्यातले कितीतरी व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ वेगात वळण घेताना गेले आहेत. तो कसबी झाल्यावर त्याला हे पुन्हा सांगावं लागेल. तेव्हाही सांगा.

प्रश्न : माझं वय त्रेसष्ट. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. नातू म्हणतो, "आजी, तू पण चल टँडमला." गोव्याला पॅरासेलिंग केलं होतं तेव्हा काही झालं नाही.
– म., धरमपेठ

उत्तर : नको, ताई. पॅराशूट उघडतानाचा झटका आणि उतरतानाचा दणका, दोन्ही थेट कमरेवर येतात. पॅरासेलिंगमध्ये बोट तुम्हाला दोरीने ओढते, त्यावरून याचा अंदाज बांधू नका. नुसता रक्तदाब असता तर डॉक्टरांना विचारा म्हटलं असतं. ऑपरेशन झालेल्या मणक्यासाठी तेही म्हणत नाही. आपल्या वायुसेनानगरात पुन्हा हवाई कसरती होतील तेव्हा नातवाला घेऊन जा. हवाई दलाचं आकाशगंगा पथक असेल तर त्यांचे जवान नेमलेल्या जागी कसे उतरतात ते त्याला दाखवा. गर्दी नको असेल तर फुटाळ्याच्या काठावर थांबा, तिथूनही आकाश मोकळं दिसतं. घडीची खुर्ची मात्र बरोबर घ्या, फार वेळ उभ्या राहू नका.