पत्रे चढण्याआधीच शेड का कोसळते?

प्रश्न : आमच्या गावाजवळ मे महिन्यात सोयाबीनच्या गोदामाचे काम चालू होते. लोखंडी सांगाड्याच्या सहा चौकटी उभ्या झाल्या होत्या, पत्रा एकही चढला नव्हता. दुपारी वळवाचे वारे सुटले आणि सगळ्या चौकटी एकाच दिशेला, एकीवर एक आडव्या झाल्या. कामगार जेवायला गेलेले असल्याने कोणाला इजा झाली नाही. ब्रेसिंगच्या तिरप्या सळयांचे गठ्ठे बाजूला बांधलेलेच पडून होते. पत्रे नसताना वारा तर आरपार जातो. मग तयार शेडला जे सोसते ते या सांगाड्याला का सोसले नाही?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : न सोडलेल्या गठ्ठ्यांची तुमची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. दोन खांब आणि त्यांवरचे उतरते राफ्टर मिळून झालेली चौकट गोदामाच्या रुंदीच्या दिशेने भक्कम असते, पण लांबीच्या दिशेने तिला स्वतःचे असे बळ जवळजवळ नसतेच. भिंत बांधण्याआधी दाराची चौकट अंगणात नुसती उभी केली तर ती जशी पुढेमागे कलंडते, तशीच ही. तयार इमारतीत ही उणीव ब्रेसिंग (चौकटींना एकमेकींशी तिरपे बांधणाऱ्या सळया), परलिन (राफ्टरवर आडव्या बसणाऱ्या, पत्रे पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आणि काही अंशी पत्रे भरून काढतात. ब्रेसिंग नसताना केवळ परलिनने जोडलेल्या चौकटी एकमेकींना सावरत नाहीत, उलट पहिली कलली की पुढचीला ओढून नेते. सगळ्या एकाच दिशेला पडल्या त्या यामुळे.

वारा आरपार जातो हेही पूर्ण खरे नाही. खांबांच्या आणि राफ्टरच्या उभ्या प्लेटा चांगल्या रुंद असतात, लांबीच्या दिशेचा वारा नेमका त्यांवर आदळतो, आणि मागच्या चौकटींना पुढच्यांचा आडोसा फारसा मिळत नाही. आयएस ८७५ या मानकाच्या २०१५ सालच्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. बांधकामाच्या टप्प्यासाठी तोच भाग ०.७६ हा गुणक लावू देतो. तरीही ताशी १०७ किलोमीटर उरतात आणि उघड्या माळावर त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ५० किलोंच्या वर जातो. अर्धवट कामाला वाऱ्याचा हिशेब लागत नाही, ही समजूत कोठून रूढ झाली कोण जाणे.

वारा नसतानाही धोका संपत नाही. राफ्टर लांब आणि सडपातळ असतो. त्याच्या ज्या कडेवर दाब येतो ती बाजूला वाकू पाहते. तिला ठरावीक अंतरावर परलिन आणि कोनी आधार धरून ठेवतात. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवलेला नियम असा, की सडपातळ घटकाची आधाराविना लांबी दुप्पट झाली, तर वाकण्यापूर्वी तो जेमतेम चौथा हिस्सा भार पेलतो. परलिन बसण्याआधीच हायड्राचा (उचलणाऱ्या फिरत्या क्रेनचा) हूक सोडला, तर राफ्टर स्वतःच्या वजनानेही पीळ खाऊ शकतो. त्यात पत्र्यांचे आख्खे बंडल एकाच गाळ्यात (दोन चौकटींमधल्या जागेत) ठेवले, की काही सांगायलाच नको.

खांबाच्या तळाशीही दुर्बळता असते. बेस प्लेटखाली (खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाटाखाली) ग्राउट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरेपर्यंत खांब नुसत्या फाउंडेशन बोल्टांवर तोललेला असतो. नट हातानेच आवळलेले असतात, आणि बोल्ट जुळले नाहीत म्हणून प्लेटची भोके गॅस कटरने वाढवणे हा प्रकार तर सर्रास चालतो. आपल्याकडे काळ्या मातीची भर पडते. सांगाडा ताणून धरणाऱ्या तात्पुरत्या वायर रोपांचे (तारेच्या दोरांचे) खुंटे उन्हाने भेगाळलेल्या जमिनीत ठोकलेले असतात; एक सर येऊन गेली की माती मऊ होते, खुंटा हलतो आणि रोप ढिला पडतो. रोप आहेत हे लांबून दिसते, ताण गेला आहे हे दिसत नाही.

ही चूक केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेतील बॉइझी येथे ३१ जानेवारी २०२४ रोजी विमानतळालगतच्या हँगरचा लोखंडी सांगाडा उभारणीतच कोसळून ३ जण मृत्युमुखी पडले. पुरेसे ब्रेसिंग आणि ताणलेले रोप नसताना उभारणी चालू ठेवल्याचे तेथील कामगार-सुरक्षा यंत्रणेला तपासात आढळले.

प्रश्न : गोदाम बांधून घेणाऱ्याने उभारणीच्या वेळी काय पाहावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : पहिल्या दोन चौकटी ब्रेसिंगच्या गाळ्यातच उभ्या राहतात का, हे आधी पाहावे. त्या गाळ्यातील सर्व परलिन, कोनी आधार आणि तिरप्या सळया बसवून, ओळंबा तपासून, बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय तिसरी चौकट उचलू देऊ नये. ‘ब्रेसिंग शेवटी एकदम मारू’ असे ऐकू आले, की काम थांबवावे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येत असेल, तर नवी चौकट उचलूच नये. पावसाआधी उरकण्याची घाई याच महिन्यांत असते, हे मी जाणतो. सुटी शिडी, पत्र्यांचे बंडल आणि माणसे सांगाड्यापासून दूर न्यावीत आणि वारा ओसरल्यावर रोपांचा ताण पुन्हा तपासावा.

कागदाचीही एक बाब आहे. डिझायनरचा आराखडा बहुधा पूर्ण झालेल्या इमारतीचा असतो, तर तात्पुरत्या आधारांची आखणी इरेक्शन (उभारणी) ठेकेदाराने करावी असे गृहीत धरलेले असते; करारात मात्र ते काम कोणाच्याच नावे लिहिलेले नसते. ते नावासह लिहून घ्यावे, आणि उभारणीचा क्रम दाखवणारा स्वतंत्र नकाशा आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मागावा.