गाळ काढायचा की ठेवायचा?

प्रश्न : आमच्या भागात उन्हाळ्यात तलावांतील गाळ काढून रानात पसरतात, तलाव खोल होतो, जमीनही सुधारते. गेल्या हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पाहिले, तर बंधाऱ्यामागे सगळीकडे गाळाची बेटे. असे भरून गेलेले पाणी ‘रामसर स्थळ’, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, कसे ठरले? तो गाळ काढत का नाहीत?
– एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)

उत्तर : आपल्याला जे खटकले, तेच त्या जागेचे भांडवल आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा पाणी साठवण्यासाठी नव्हे, तर ते उचलून दोन्ही तीरांवरच्या कालव्यांत घालण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. प्रवाह मंदावला, दरवर्षीच्या पुरातील गाळ मागे बसत गेला आणि त्यातून बेटे, उथळ डबकी व पाणवनस्पतींची दाटी तयार झाली. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

पाणी उथळ असण्याचे महत्त्व चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की कळते. तलवार बदक शेपटी आभाळाकडे करून पाण्यात उपडे होते आणि मान पोहोचेल तेवढ्याच तळातले खाते. थापट्या आपल्या पसरट चोचीने वरचे पाणी गाळत फिरतो. चमचा पक्षी गुडघाभर पाण्यात उभा राहून चोच डावी-उजवीकडे फिरवत भक्ष्य चाचपतो. तळ दोन पुरुष खोल गेला, तर पाणकावळ्यासारख्या बुडी मारणाऱ्यांचे भागेल, या मंडळींचे नाही.

तरीही गाळाला हातच लावू नये, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या सायखेडा, चांदोरी या गावांना पुराचा फटका बसतो, आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना त्या गावांची भीती समजावून सांगायला नको. पाणथळ जागा जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर करार माणसाला हाकलून देत नाही, विचारपूर्वक वापर मान्य करतो. म्हणून मुख्य पात्र मोकळे ठेवावे, बेटे व उथळ कडा राखाव्यात आणि काम पाहुणे पक्षी परतल्यानंतर, पावसाळ्याआधी उरकावे, असे आमचे मत आहे.

आपल्या तलावांतील गाळ मात्र अवश्य काढा. फक्त एका बाजूचा उतार तसाच राहू द्या, म्हणजे तिकडे उतरणाऱ्या शराटी-बगळ्यांना पाय टेकायला जागा उरेल.