जाहिरातींच्या आडून टेहळणी

प्रश्न : पीडीएफ फाइलचे वर्डमध्ये रूपांतर करणारे एक मोफत सॉफ्टवेअर मी महिन्यापूर्वी घरच्या संगणकावर घेतले. तेव्हापासून प्रत्येक संकेतस्थळावर जाहिराती उसळतात आणि ब्राउझरचे सुरुवातीचे पानही बदलले आहे. मुलगा म्हणतो, हे ॲडवेअर आहे. त्याचा नुसता त्रासच होतो, की बँकेचा पासवर्डही जाऊ शकतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलाचा अंदाज बहुधा बरोबर आहे. मोफत सॉफ्टवेअर बसवताना आपण घाईने ‘नेक्स्ट’ दाबत जातो आणि आधीच खूण केलेल्या एखाद्या चौकटीतून दुसराच प्रोग्रॅम आत शिरतो. ॲडवेअरची कमाई जाहिरातींवर चालते, म्हणून ते नजरेस पडते. स्पायवेअर मात्र लपून राहते आणि दाबलेल्या कळा, उघडलेली पाने, कधी पडद्याची चित्रेही बाहेर पाठवते. तरीही ॲडवेअरला निरुपद्रवी मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नेमकी जाहिरात दाखवण्यासाठी त्यालाही आपण काय पाहतो हे टिपावे लागते.

लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर 2014 मध्ये कारखान्यातूनच आलेले ‘सुपरफिश’ हे ॲडवेअर याचे बोलके उदाहरण आहे. सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (कोणते संकेतस्थळ खरे मानायचे हे संगणक ज्याच्या आधारे ठरवतो ते) बसवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली, म्हणजे ज्याने अशा खरेपणाची मोहोर उठवता येते तो सांकेतिक मजकूर, सर्व लॅपटॉपवर एकच होती. 2015 च्या फेब्रुवारीत ती उघड झाली, तेव्हा एकाच वाय-फायवरील कोणीही भामटा बँकेचे बनावट पान खरे भासवू शकेल अशी स्थिती होती. हेतू केवळ जाहिरातीचा, पण कुलूपच निकामी झाले!

म्हणून संगणक स्वच्छ होईपर्यंत त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, विश्वासाच्या उपकरणावरून; याच संगणकावर बदललात तर नवा पासवर्डही टिपला जाण्याचा धोका राहतो. सेटिंग्जमधील ॲप्सची यादी तारखेनुसार लावून त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढा, ब्राउझरमधील एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आणि संकेतस्थळांना दिलेली नोटिफिकेशनची परवानगी तपासा (पुष्कळदा जाहिरातींचे मूळ एवढेच असते), मग विंडोज डिफेंडर या विंडोजमधीलच सुरक्षा प्रोग्रॅमची ऑफलाइन तपासणी चालवा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही मोफत मिळतात. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर बँकेला कळवून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवा.

आणि या काळात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, येथे दाबा’ अशी चौकट आली, तर तिला हात न लावता ब्राउझरच बंद करा.